पोटचा वाटा

आमच्या शेतात आता डुकरं पोटभर जेवतात आणि आमचा मुलगा मचाणावर बसून फटाके फोडतो. भुईमूग गेला, तूर गेली, ज्वारी तर लोकांनी पेरणंच सोडलं. परवा तो गावाहून इथं पिपरी मेघेला घरी आला तेव्हा डोळे लाल, अंगभर धूळ, आणि म्हणतो कसा, "माय, अख्खा कळप होता. टॉर्च मारला तरी हलून नाई राह्यला." मी म्हटलं, "मंग खाऊन टाकाचा ना एखादा!" तर माझी नातसून अशी दचकली, जशी मी शेजाऱ्यालाच चिरायला सांगितलं. "आजी, कायदा आहे. तुरुंगात टाकतात."

असेल बाई कायदा. मला काय करायचं आहे? माझे दात गेले, गाव सुटलं, आणि ज्याच्या हातचं डुकराचं मटण मी खाल्लं तो माणूसही गेला. पण जीभ काही मेली नाही. थंडी पडली, कुठं पऱ्हाट्या, कापसाच्या वाळल्या काड्या, जाळल्याचा वास आला, की अजून माझ्या तोंडाला पाणी सुटतं. हसायचं त्यांनी हसावं.

त्या माणसाला मी इथं नुसतं 'हे' म्हणणार आहे. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नव्हती. आता रागवायला ते नाहीत म्हणून पद्धत मोडावी, असं काही मला वाटत नाही.

आमचं गाव आंजीच्या पुढं, जंगलाला लागून. पन्नासनंतरच्या वर्षांत मी तिथं सून म्हणून आले. तेव्हाही डुकरं होतीच, पण तेव्हा ती आमचं पीक खात आणि आम्ही त्यांना खात होतो, हिशेब बरोबर होता. ज्वारी हुरड्यावर आली की रानडुकरं नाल्यानं वर चढायची आणि एका रात्रीत वावर आडवं करायची. मग गावात ठरायचं, उद्या हाका. सकाळी गडीमाणसं निघायची. कोणी डबे बडवायचा, कोणी नुसता ओरडायचा, आणि मोक्याच्या जागी बरच्या, म्हणजे भाले, घेतलेली माणसं दबून बसायची. सगळ्या गावात बंदूक एकच, तोंडातून बार भरायची, पिकाच्या राखणीसाठी सरकारनं परवान्यावर दिलेली. ती कधी उडायची, कधी नुसती फुसकन् करायची. खरी भिस्त बरचीवर आणि कुत्र्यांवर. आमचे हे बरची घेऊन बसणाऱ्यांतले. बाकी वेळी शांत माणूस, पण डुक्कर अंगावर येतानाही जागचे हलत नसत, असं लोक सांगायचे. मी ते कधी पाहिलं नाही. बायकांनी रानात जायचं नाही, असं होतं.

पण नंतरचं सगळं मी पाहिलं आहे, कारण ते आमच्याच दारात व्हायचं. डुक्कर बल्लीला टांगून आमच्या खळ्यावर आणत. खळं घराच्या अगदी मागं, मधे फक्त पऱ्हाट्यांचा कूड. आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, वाटे घालायचे. गावाला दुसऱ्या कोणाच्या हाताचा भरवसा नव्हता. आधी पऱ्हाट्या पेटवून डुकराचे केस जाळायचे, मग विळ्यानं कातडी खरवडायची, गरम पाणी ओतून धुवायची. तो वास! जळक्या केसांचा, चरबीचा, धुराचा. आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, नाकाला पदर लावून देवघराचं दार ओढून घ्यायच्या. घरातल्या चुलीवर मटण चढत नसे. त्याची चूल गोठ्यामागं, तीन दगडांची. त्याचं गाडगं वेगळं, ते वर्षभर कडुनिंबाला टांगलेलं. मसाला वाटायचा पाटाही वेगळा. मसाला बायका वाटायच्या आणि शिजवायचे मात्र पुरुष. सून म्हणून मला यात एकच काम, मिरच्या-खोबरं वाटून द्यायचं आणि हात जाळून घ्यायचे.

पळसाची पानं अंथरून मामाजी वाटे घालायचे. मुंडकं बंदुकीचं. ज्याची बरची आधी लागली त्याला मागची एक मांडी. आतडी कुत्र्यांची. बाकी घरटी एक वाटा, आणि ज्या घरात पुरुष उरला नाही त्या विधवेच्या घराचाही. हे सगळं झालं की मामाजी काळजाचा तुकडा आणि पाठीचं मऊ मांस एका पानावर घेत, ते पान हातावर धरून उभे राहत आणि मोठ्यानं विचारत, "पोटचा वाटा कोनाच्या घरी?"

ज्या घरात बाई पोटुशी असेल त्या घरचा हा जास्तीचा वाटा. येणाऱ्या लेकराचा. पण तो असा कोणी घरी आणून देत नसे. लेकराच्या बापानं स्वतः उठून, सगळ्या गावादेखत, "आमच्या घरी" म्हणायचं. भावानं उठून चालत नसे, आजानं तर नाहीच. ज्याचं लेकरू त्यानं उठायचं. मग काय चिडवणं, काय शिट्ट्या! "पाहा बाप्पा, मुका समजत होतो तं हा कामाचा निंगाला!" गावाला बातमी कळायची ती अशी. आणि कोणीच उठलं नाही, तर ते पान कुत्र्यांपुढं ठेवायचं.

माझ्या पहिल्या वेळी हे असे उठले होते की पायाखालचा वाटा तुडवायचा राहिला. मला दिवस गेल्याला फार झाले नव्हते. मामाजींचा प्रश्न पुरा होऊ दिला नाही. कुडाआड मी लाजेनं मेले, आणि खोटं कशाला बोलू, सुखानंही मेले.

ते लेकरू राहिलं नाही. थंडी सरायच्या आत एका सकाळी सगळं आटोपलं. मग गावातल्या बायका विहिरीवर बोलायला मोकळ्याच. सांगायची घाई केली, नजर लागली, गावभर गाजावाजा करायचा असतो का. आत्याबाईंनी मला बोल लावला नाही, पण तेच त्यांच्याही डोक्यात बसलं. आणि यांच्या तर डोक्यात असं बसलं की निघेच ना. यांना वाटलं, आपण उठलो म्हणून गेलं. बोलले नाहीत. बरची आढ्याला खोचली आणि तो सगळा मोसम हाक्याला गेले नाहीत. मी रडून मोकळी झाले, हे झाले नाहीत. पुरुषाच्या जातीला रडायची सोय नाही, मग ते असं काही करून ठेवतात.

मग पुढं मला पुन्हा दिवस गेले. यांना सांगितलं तर बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होते ते फिरवतच राहिले. "बरं," म्हणाले. बरं! जसं मी सांगितलं होतं की पीठ संपलं.

त्या दिवसापासून माझ्या पोटाकडं पाहायचे नाहीत. आत्याबाईंनी मला बजावलं, "तोंड उघडू नको. कोनाले सांगू नको. पोट दिसन तवा दिसन." घरात कोणी त्या लेकराबद्दल शब्द काढत नव्हतं. मी आणि पोटातलं, आपली दोघंच बसलेली. आणि डोहाळे तर असे लागले की विचारू नका. भाताचा वास नको, दुधाचा नको, वरणाला फोडणी दिली की मी अंगणात पळायची. एकच हवं होतं. डुकराचं काळीज, ज्वारीच्या भाकरीबरोबर. स्वप्नात येई माझ्या. लाज वाटावी असे डोहाळे. दुसऱ्या बायकांना आंबट चिंचा आठवतात, मला काळीज आठवत होतं.

ज्वारी हुरड्यावर आली आणि हाक्याचं ठरलं. या वेळी माणसं कमी होती म्हणून मामाजींनी यांना बरची काढायला लावली. मी गोठ्यात गाठलं यांना.

"उद्या मामाजी इचारतीन," म्हटलं. "उठजा."

"नाई उठत."

"काऊन?"

"मागल्या बारीले उठलो तं काय झालं, तुले ठाव नाई?"

"मले ठाव नाई? मले?"

ते नुसते बरचीला फडकं घासत राहिले. मला असा राग आला! आता कोणी म्हणेल, घरच्या वाट्यातलं मटण मिळणारच होतं की. मिळणार होतं. आधी गडीमाणसं जेवणार, मग पोरं, मग सासवा-जावा, आणि सगळ्यात शेवटी मला रस्सा आणि चाटायला हाडूक. पण गोष्ट तुकड्याची नव्हतीच. उठणं म्हणजे हे लेकरू येणार आहे असं गावादेखत म्हणणं. नाही उठले, तर त्याचा अर्थ एवढाच की बापानं त्याला आत्ताच जमेत धरणं सोडलं. ते पोटात जिवंत होतं हो. आणि त्याच्या वाट्याचं पान कुत्र्यांपुढं जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी दुपार कलायच्या आत डुक्कर आलं. मोठा एकुल, कळप सोडून एकटा फिरणारा नर, सुळे असे वळलेले. बरची यांचीच लागली होती आधी. लोक पाठ थोपटत होते आणि हे माती लागलेल्या पायांनी खाली बसले ते बसलेच. मी कुडाच्या अलीकडं पाट्यावर मिरच्या वाटत होते. पऱ्हाट्यांच्या फटीतून सगळं दिसत होतं. केस जाळले, धुतलं, कापलं. वाटे पडले. मुंडकं गेलं, मांडी गेली ती आमच्याच घरी, विधवांचे वाटे पोरींच्या हाती गेले. मग मामाजींनी ते पान हातावर घेतलं.

"पोटचा वाटा कोनाच्या घरी?"

माझा वरवंटा थांबला. हे मान खाली घालून बरचीच्या पात्यावरची माती नखानं खरवडत होते. कोणी उठलं नाही.

मामाजींना माहीत होतं. घरातलंच ते, माहीत कसं नसणार? पण त्यांना बोलायची सोय नव्हती. त्यांनी पुन्हा विचारलं. आवाज या वेळी जरा खाली आलेला. कोणीतरी हसून म्हणालं, "औंदा गावात कोनीच कामाचं नाई वाटते!" कुत्री उठून उभी राहिली. त्यांना तेवढं बरोबर कळतं. मामाजींनी एकदा मुलाकडं पाहिलं, आणि हे नखानं मातीच खरवडताहेत. मग मामाजी जड पावलानं कुत्र्यांकडं वळले.

पुढं काय झालं ते मी ठरवून केलं नाही. मी उठले. डोक्यावरचा पदर घसरलेला, दोन्ही हात मनगटापर्यंत मिरचीनं लाल. कुडावरून ओरडले, "आमच्या घरी!"

बाप रे. खळं असं गप झालं की चुलीतली लाकडं तडतडताना ऐकू यायला लागली. घरातून आत्याबाई "मेली मी!" म्हणाल्या तेही सगळ्या गावानं ऐकलं. सून, सासऱ्यापुढं, बिनपदरानं, आणि तेही कशासाठी, तर मटणाच्या वाट्यासाठी!  पण मी खाली बसले नाही.

मामाजी माझ्याशी कधी सरळ बोलत नसत. सुनेशी बोलायचं तर कडुनिंबाशी नाहीतर बैलाशी बोलायचे. त्या दिवशीही ते कडुनिंबाकडं पाहून म्हणाले, "आवाज तं आला. आता मानूस उठला पायजे."

सगळ्या माणसांच्या माना यांच्याकडं वळल्या. आणि हे उठले. कसे उठले ते मला अजून दिसतं, गुडघ्यावर हात टेकून, म्हाताऱ्यासारखे, आणि तेव्हा वय ते काय! "आमच्या घरी," म्हणाले. कोणाला ऐकू आलं असेल-नसेल. कोणी चिडवलं नाही. मामाजींनी पान त्यांच्या हातावर ठेवलं आणि ते चालत कुडापाशी आले. पळसाच्या पानातून रक्त ठिबकत होतं.

"याही बारीले गेलं तं?" असं म्हणाले. अगदी हळू. माझ्याशिवाय कोणी ऐकलं नाही.

मी म्हटलं, "त्याले जाचं असन तं जेवून जाईन. उपाशी नाई जानार."

यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. पहिल्या लेकराचं होतं ते, इतक्या दिवसांनी आलेलं. मला त्यांचा राग होता, गळा दाबावा इतका राग होता, आणि त्याच घटकेला ते मला इतके आवडले की तसे लग्नातही आवडले नव्हते.

त्या दिवशी घरच्या मटणाकडं यांनी पाहिलंच नाही. ते यांचे भाऊ शिजवत होते. यांनी गोठ्यामागं दुसरे तीन दगड मांडले, एक लहान गाडगं आणलं, आणि पोटचा वाटा वेगळा चढवला. जवसाचं तेल, भाजलेला कांदा, ठेचलेला लसूण, माझ्या हातचा मसाला. डुकराची चरबी सुटली तशी वर लाल तवंग आला. हे उकिडवे बसून फुंकर घालत होते, धुरानं डोळे पुसत होते, नाहीतर धुराचं निमित्त होतं. शिजल्यावर काळजाचा तुकडा भाकरीवर ठेवून माझ्यापुढं धरला. खळ्यावर अजून गडीमाणसं जेवायची होती. आमच्याकडं बाई आधी जेवल्याचं कोणी पाहिलं नव्हतं.

"आधी तू," म्हणाले.

मी खाल्लं. काय सांगू! चाळीस मसाले घालून आता लोक करतात, त्यात ती चव नाही. काळीज बाहेरून जरा कडक, आत लोण्यासारखं, आणि त्याला रानाचा वास. कंद खाल्लेल्या, नाल्याचं पाणी प्यालेल्या जनावराचा वास. पहिला घास गिळला आणि कितीतरी दिवसांनी पोटानं तो ठेवून घेतला. हे माझ्या तोंडाकडं पाहत होते, परीक्षेला बसल्यासारखे.

"मीठ कमी हाय," म्हटलं.

तेव्हा हे हसले. सगळा मोसम गेल्यानंतर पहिल्यांदा हसले. उठून मीठ आणलं आणि मी पुरं गाडगं निपटून खाल्लं.

पावसाळ्यात मुलगी झाली. अशी किंचाळली की मामाजी खळ्यावरून म्हणाले, "आईवर गेली." आता ती हिंगणघाटला असते, आजी झाली, दुकान सांभाळते. आणि गंमत पाहा, जिनं पोटात असताना डुकराचं काळीज खाल्लं ती आता मटणाचं नाव काढलं तरी तोंड वाकडं करते. अंड्याचा केकसुद्धा चालत नाही बाईसाहेबांना. मी म्हणते तिला, तू ज्याच्यावर जगली त्याला नावं ठेवू नको. ती म्हणते, "आई, पुरे झालं."

तिच्यानंतरच्या प्रत्येक वेळी हे उठले. मामाजी पान उचलायच्या आत उठायचे. एकदा तर मला दिवस गेलेले नसतानाच उठून उभे राहिले, गाव हसून लोळायचं बाकी राहिलं. घरी येऊन मलाच विचारतात, "नाई काय?" काय माणूस होता!

पुढं एकेक गोष्ट सुटत गेली. नाल्यापलीकडच्या वस्तीतली माणसं बौद्ध झाली, त्यांच्यातल्या जाणत्यांनी जीव मारणं सोडलं आणि हाक्याचे निम्मे पाय कमी झाले. खरं सांगायचं तर पळायला त्यांना पुढं करायचो आणि वाटा लांबून द्यायचो, ते गेले तर चूक आमचीच होती. मामाजी वारले, वाटे घालणारा हात गेला. बंदूक जमा झाली. मग कायदा आला. निंबावरचं गाडगं कधी फुटलं तेही कोणाला आठवत नाही. मला मात्र थंडीत सकाळी जाग आली की पहिल्यांदा तो वास हवा असतो. मटण काय, बाजारात पाहिजे तेवढं मिळतं. ते खळं हवं असतं, मातीचे पाय, आणि कुडापलीकडून कोणीतरी आपल्यासाठी उठून उभं राहणं.

हे गेले ते वर्ध्याच्या दवाखान्यात. शेवटी जेवण सोडलं होतं. मुलगा विनवायचा, मुलगी रडायची, नर्स चमचा घेऊन दटावायची, यांनी दात घट्ट मिटलेले. मी दुपारी गेले तेव्हा सगळे दमून बाहेर बसले होते. वाटीत वरणभात कालवलेला, गार झालेला. मी वाटी घेतली, त्यांच्या कानाशी वाकले.

"जाचं असन तं जेवून जा," म्हटलं. "उपाशी नका जाऊ."

डोळे उघडले त्यांनी. माझ्याकडं पाहिलं.

"डुकराचं हाय?"

"हाव," म्हटलं.

तोंड उघडलं. मी घास भरवला. हळूहळू चघळला, गिळला.

"मीठ कमी हाय," म्हणाले, आणि दुसऱ्या घासासाठी पुन्हा तोंड उघडलं.